घळ, पाणीमहाल आणि डोमगावची पोथी

१/ आमच्या परंडा तालुक्यात नाव घ्यावा असा धबधबा नाही. जंगल तर त्याहून नाही. आहे तो भुईकोट किल्ला, काळी जमीन, ऊस आणि दोन पावसांमधली लांबलचक वाट पाहणी. म्हणूनच श्रावणातल्या रविवारी येथील तरुण दुचाक्यांवर बसून येडशीच्या रामलिंगला, जामखेडपलीकडच्या सौताड्याला किंवा थेट नळदुर्गला जातात. झाडीतून वाट काढायची, डोहात उतरायचे, ओल्या अंगाने छायाचित्र काढायचे आणि खाली लिहायचे, ‘अस्पर्श निसर्ग’.

२/ आजचा धागा या ‘अस्पर्श’ शब्दाविषयी आहे, आणि त्याबरोबर एका पोथीविषयी. ही पोथी कोकणकड्याखालच्या, रानाने वेढलेल्या धबधब्यामागे आकाराला आली, असे परंपरा सांगते. ती सांभाळली गेली मात्र आमच्या कोरड्या परंडा तालुक्यात. या दोन गोष्टींच्या मध्ये साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

३/ आधी एक साधा प्रश्न: डोंगर चढून, रान तुडवून पाण्यात डुंबायला जाणे ही आपल्या पिढीची हौस आहे का? अनेकांना वाटते की ही आवड इंग्रजांनी आणली. थंड हवेची ठिकाणे, सहली, ‘देखावा’ पाहण्यासाठी केलेला प्रवास, या कल्पना एकोणिसाव्या शतकात रुजल्या हे खरेच. पण मूळ हौस फार जुनी आहे, आणि तिचा एक उत्तम पुरावा आपल्या अगदी शेजारी आहे.

४/ आजचे बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग हा सगळा टापू त्यांच्या राज्याचा गाभा. त्या घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. राज्य मिळवण्यापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्ती धरण्यापासून मासेमारीपर्यंत सर्व काही त्यात आहे. पाच विंशती आणि प्रत्येकीत वीस प्रकरणे, अशी त्याची रचना.

५/ त्याच्या शेवटच्या विंशतीचा विषय आहे क्रीडा. तिथली प्रकरणांची नावे पाहा: भूधरक्रीडा म्हणजे डोंगरावरचा विहार, वनक्रीडा म्हणजे रानातला विहार, मग झोपाळे, मग पाणी शिंपडण्याचा खेळ, मग तोयक्रीडा म्हणजे पाण्यात उतरून खेळणे. पुढे हिरवळीवरची क्रीडा, वाळूतली क्रीडा, चांदण्यातली क्रीडा. तुमची पावसाळी भटकंती नऊशे वर्षांपूर्वी याच मुलखातील एका राजाने प्रकरणे पाडून लिहून ठेवली आहे, आणि तीही डोंगर, रान, पाणी याच क्रमाने!

६/ (जाता जाता: याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ओवीचा हा अतिशय जुना निर्देश म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात. ओवी हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.)

७/ पण राजाची तोयक्रीडा एकांतातली नसे. अंतःपुर, सेवक, रक्षक असा सारा लवाजमा सोबत असे. त्याहून कितीतरी जुन्या कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या आत्मरक्षणाचे एक प्रकरण आहे. त्यातला दंडक असा: मोठे मासे आणि मगरी काढून टाकलेल्या पाण्यातच राजाने उतरावे. रानात शिकारीला जायचे तर शिकाऱ्यांनी आणि श्वानपथकाने चोर व श्वापदे आधी हुसकावलेली असावीत. राजा पाण्यात असताना काठावर सैन्य उभे असावे.

८/ म्हणजे ‘निर्जन स्थळी जलविहार’ करायचा तर ते स्थळ आधी निर्जन करावे लागे. कुणाला तरी हाकलून. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एकांत ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. तो कुणीतरी घडवतो, कुणीतरी राखतो, आणि कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते.

९/ त्याच्या अगदी उलट टोकाला तेराव्या शतकातील महानुभाव आहेत. त्यांच्या आचारधर्मात ‘अटन’ आणि ‘विजन’ असे दोन शब्द येतात. अटन म्हणजे सतत फिरत राहणे, विजन म्हणजे माणसांपासून दूर, रानात एकटे बसणे. राजाने रान रिकामे करून घ्यायचे आणि संन्याशाने स्वतःलाच रिकामे करून रानात जायचे. जागा एकच असेल, पण तिथे जाण्याचे हे दोन मार्ग निराळे. सतराव्या शतकात ते दोन्ही कसे दिसतात ते आता पाहू.

१०/ पहिला मार्ग, नळदुर्ग. बोरी नदी किल्ल्याच्या आणि शेजारच्या रणमंडळ टेकडीच्या मधून जाते. या दोहोंना जोडणारा प्रचंड दगडी बंधारा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास उभा राहिला. बांधणाऱ्याचे नाव मीर मुहम्मद इमादीन असे दिले जाते. नदी अडवून किल्ल्याला पाणी मिळाले आणि एका अंगाला संरक्षणही.

११/ एवढ्यावर थांबले असते तर ते केवळ धरण झाले असते. पण बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बांधला गेला, तोच पाणीमहाल. पायऱ्यांनी बंधाऱ्याच्या आत उतरायचे आणि कमानीशी बसायचे. नदीला पूर आला की वरच्या सांडव्यांतून पाणी समोर कोसळते, आणि आतला माणूस पाण्याच्या पडद्यामागे कोरडा राहतो. दोन सांडव्यांवरून पडणाऱ्या त्या धारांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात.

१२/ बांधवून घेणारा सुलतानही पाहा कोण! दुसरा इब्राहिम हा संगीताचा वेडा, ‘किताब-ए-नवरस’चा कर्ता, नवरसपूर नावाचे नगर वसवू पाहणारा. लष्करी बंधाऱ्याच्या पोटात पाणी पाहण्याची आणि ऐकण्याची खोली त्याच्या काळात बांधली जावी, यात मला नवल वाटत नाही.

१३/ पुढे १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा कॅप्टन मेडोज टेलर उपायुक्त म्हणून नळदुर्गला आला. १८५७ पर्यंत तो येथे होता. ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला हा लेखक नळदुर्गच्या प्रेमातच पडला. चांदबीबीवरील आपल्या कादंबरीत त्याने हा किल्ला आणला आणि आत्मचरित्रातही त्याविषयी लिहिले. साहेब लोकांची ‘देखावा’ पाहण्याची दृष्टी आपल्या जिल्ह्यात शिरली ती या वाटेने. पण तो देखावा मुळात आदिलशाही स्थापत्याने निर्माण केलेला होता, हे विसरू नये.

१४/ आजही नर-मादी धबधबा केव्हा वाहू लागतो? नदीवर वरच्या अंगाला झालेले बोरी धरण भरून वाहू लागले म्हणजे. सतराव्या शतकातील बंधाऱ्यावरचा धबधबा विसाव्या शतकातील धरणाच्या सांडव्यावर अवलंबून आहे. त्याच्या छायाचित्राखाली ‘अस्पर्श निसर्ग’ लिहिणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

१५/ आता दुसरा मार्ग. त्यासाठी परंड्याहून सरळ पश्चिमेला, सह्याद्री ओलांडून, वरंध घाटाच्या पायथ्याला जावे लागेल. महाडपासून सुमारे तीस किलोमीटरवर काळ नदीच्या खोऱ्यात कसबे शिवथर, आंबे शिवथर आणि कुंभे शिवथर ही गावे आहेत. तिन्ही बाजूंना उंच कडे आणि दाट रान. त्या रानात डोंगराच्या कुशीत एक मोठी घळ आहे, आणि घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो.

१६/ हीच शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना येथे केली, असे संप्रदाय मानतो. समर्थ सांगत आणि शिष्य कल्याण लिहून घेत, असे त्याचे चित्र शाळेच्या भिंतीवर आपण सर्वांनी पाहिले आहे. (शिवराय आणि समर्थ यांच्या संबंधांचा वाद या धाग्याचा विषय नाही. तो वाद प्रतिसादांत काढू नये ही नम्र विनंती. मागच्या धाग्याचे काय झाले ते आपण पाहिलेच.)

१७/ घळ आणि पाणीमहाल यांतील साम्य तुमच्या लक्षात आले का? दोन्हीकडे माणूस धबधब्याच्या समोर बसत नाही, मागे बसतो. बाहेरच्या जगाच्या आणि त्याच्या मध्ये पाण्याचा पडदा. एक जागा सुलतानासाठी चिरे घडवून, नदी अडवून बांधलेली. दुसरी सह्याद्रीच्या खडकात आपोआप झालेली. दोहोंच्या काळात जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर.

१८/ काळ कशावरून ठरवायचा? दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा स्पष्ट निर्देश आहे. गणित केले की साल येते १६५९. निदान त्या भागाचे लेखन त्या वर्षी चालू होते, एवढे त्यावरून म्हणता येते. संपूर्ण ग्रंथ वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्यांचा. तो एका बैठकीत झालेला नाही. त्याआधीचा एकवीस समासांचा जुना दासबोधही उपलब्ध आहे.

१९/ १६५९ हे साल या डोंगरांसाठी शांततेचे नव्हते. शिवथरचे खोरे जावळीच्या मुलखात मोडत असे, आणि तीनच वर्षांपूर्वी, १६५६ मध्ये, शिवरायांनी जावळी घेतली होती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच रांगेत दक्षिणेला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. घळीतला एकांत म्हणजे इतिहासाबाहेरची जागा नव्हती. डोंगराच्या पलीकडून फौजा जात होत्या.

२०/ येथे एक शंका मला बरेच दिवस छळते आहे. ऐन पावसाळ्यात धबधब्यामागे बसून कुणी काही सांगितले, तर ते लिहिणाऱ्याला ऐकू येईल का? आषाढात शिवथरघळीत उभे राहून मित्राला हाक मारून पाहा. आणि कागद? त्या दमट हवेत, उडणाऱ्या तुषारांत, बोरूने लिहिलेली शाई किती तग धरणार?

२१/ माझा तर्क असा की ‘धबधब्यामागे बसून सांगितले व लिहिले’ हे चित्र वर्षभराच्या वास्तव्याचे आटलेले रूप असावे. पावसाळा सरला की धार बारीक होते आणि घळ शांत व कोरडी होते. लेखन झाले असेल तर अशा महिन्यांत. हा केवळ तर्क आहे, पुरावा नव्हे. पण स्थळ पाहिल्याशिवाय असा तर्कही सुचत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पायपीट का करावी, याचे माझ्यापुरते उत्तर हेच.

२२/ आता कल्याणांकडे वळू, कारण आपल्या तालुक्याशी त्यांचाच संबंध आहे. मूळ नाव अंबाजी. संप्रदायातली कथा अशी: मसूरला रामनवमीच्या मिरवणुकीच्या वाटेत विहिरीवर आलेली एक फांदी तोडायची होती. समर्थांनी अंबाजीला फांदीवर चढून ती तोडायला सांगितले. फांदी तुटली आणि तिच्यासह अंबाजी विहिरीत गेला. समर्थांनी काठावरून विचारले, कल्याण आहे ना? खालून उत्तर आले, कल्याण आहे. तेच नाव पडले.

२३/ पाणी या माणसाला पुढेही सोडत नाही. सज्जनगडावर समर्थांसाठी उरमोडी नदीचे पाणी कल्याण मोठमोठ्या हंड्यांतून वर वाहून आणीत, असे सांगतात. ते हंडे गडावर आजही दाखवले जातात. स्वतः समर्थांविषयी कथा आहे की अंगापूरला कृष्णेच्या डोहात बुडी मारून त्यांनी रामाची मूर्ती वर काढली, आणि तीच चाफळला स्थापन झाली.

२४/ या कथा जशाच्या तशा खऱ्या मानाव्यात असे मी म्हणत नाही. पण कथा ज्या गोष्टी गृहीत धरतात त्यांकडे लक्ष द्यावे. विहिरीत पडलेला माणूस बुडत नाही. डोहात उतरलेला माणूस तळाशी जाऊन वर येतो. म्हणजे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पोहणे ही रोजच्या जगण्यातली, कुणीही शिकावी अशी विद्या वाटत होती. ती कुठे शिकत, याकडे शेवटी येतो.

२५/ समर्थांच्या अखेरच्या काळात कल्याणस्वामी परंडा परिसरात आले. सीना नदीच्या काठी, परंडा तालुक्यातील डोमगाव येथे त्यांचा मठ झाला. समर्थांचे निर्वाण शके १६०३ मधील, तर कल्याणस्वामींचे १७१४ मधील. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. १६६० मध्येच परंडा मोगलांकडे गेला होता. म्हणजे डोमगावचा मठ स्वराज्यात नव्हता, तर मोगली अंमलाखालच्या मुलखात होता.

२६/ आणि हा मुलूख कसा? येथे थोडे थांबून परंड्याविषयी बोलायला हवे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परंड्यातच गादीवर बसवले, म्हणून काही वर्षे हे गाव निजामशाहीची राजधानी होते. विजापूरची सुप्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आधी परंड्यात होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली.

२७/ १६३४ मध्ये शाहजहानचा पुत्र शुजा आणि सेनापती महाबतखान यांनी परंड्याला वेढा घातला. किल्ला पडला नाही. सरदारांतील भांडणे हे एक कारण होते, पण दुसरे कारण या धाग्यासाठी अधिक मोलाचे आहे. आसपास चारा नव्हता, सरपण नव्हते. फौजेला त्यासाठी दूरदूर जावे लागे आणि वाटेत विजापूरकर व मराठे त्यांना गाठत. पावसाळा तोंडावर आला आणि मोगल सैन्य बऱ्हाणपूरला परतले. महाबतखान त्याच वर्षी वारला.

२८/ बलाढ्य मोगल फौजेला परत फिरवणाऱ्या कारणांत आमच्या भागातील झाडांचा अभावही एक होता! परंड्याभोवतीचे रान अलीकडे तुटले असे आपण समजतो. १६३४ ची ही हकीकत पाहता ते त्यापूर्वीच विरळ असावे, किंवा वेढ्यांनीच ते खाल्ले असावे. आज राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत धाराशिवची गणना होते, त्यामागे इतका लांबचा इतिहास आहे.

२९/ अशा उघड्या, कोरड्या प्रदेशात घळीतला लेखक येऊन राहिला आणि त्याच्याबरोबर पोथीही आली. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानली जाणारी दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती मिळवून १९०५ मध्ये तिच्यावरून दासबोध छापला. अभ्यासक आजही ‘डोमगाव प्रत’ म्हणतात ती हीच.

३०/ (हे देव म्हणजे काँग्रेसचे नेते शंकरराव देव नव्हेत. दोघांची गल्लत अनेक लेखांत होते. धुळ्याचे नानासाहेब देव हे वकील. सत्कार्योत्तेजक सभा त्यांनी १८९३ मध्ये काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावच्या मठांतून आयुष्यभर गोळा केली. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर ही त्यांचीच उभारणी. आपल्या विषयात काम करणाऱ्याने एकदा तरी तेथे जावे.)

३१/ आता गंमत पाहा. पोथी सापडली, छापली गेली, घरोघर पोहोचली. पण ती जिथे रचली गेली ती जागा कोणती, हे मात्र लोकांच्या विस्मरणात गेले होते. जुन्या कागदांतील शिवथरचे उल्लेख आणि समर्थांनी स्वतः एका रचनेत केलेले धबधब्याचे वर्णन यांवरून माग काढीत देव १९३० मध्ये शिवथरच्या खोऱ्यात पोहोचले, आणि हीच ती घळ असे त्यांनी प्रतिपादले.

३२/ म्हणजे रचनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी स्थळ ‘सापडले’. हा शब्द मी मुद्दाम अवतरणचिन्हांत घातला आहे. शिवथरच्या गुराख्यांना ती घळ ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? पावसात गुरे घेऊन आसरा शोधणाऱ्याला डोंगरातली प्रत्येक कपार पाठ असते. हरवला होता तो घळ आणि ग्रंथ यांच्यातला दुवा. धुळ्याहून आलेल्या संशोधकाकडे कागद होते, गावकऱ्यांकडे वाट होती. आपण कागदवाल्याचे नाव लक्षात ठेवले. वाट दाखवणाऱ्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेली नाहीत.

३३/ येथे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. देवांनी ओळखलेली घळ हीच समर्थांची घळ, हा निष्कर्ष वर्णनाच्या जुळणीवर उभा आहे. तिथे सतराव्या शतकातील शिलालेख वाचून हे ठरलेले नाही. सह्याद्रीत धबधब्यामागच्या कपारी काही एकच नाहीत. तरीही गावाचे नाव, खोरे, घळीचा आकार आणि वर्णन या चार गोष्टी एकत्र येतात, म्हणून मला स्वतःला ही ओळख पटण्यासारखी वाटते. पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे, हा फरक मात्र आपण सांभाळावा.

३४/ ओली जागा विसरली गेली आणि कोरड्या जागेने कागद राखला, हे मला फार बोलके वाटते. कोकणातल्या हवेत कसर आणि बुरशी पोथीचा फडशा पाडतात. मराठवाड्याची हवा तिच्यावर तुलनेने दयाळू. अर्थात नुसत्या हवेने पोथ्या टिकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्या फडक्यात गुंडाळून ठेवणारे, उन्हात काढणारे, पूजणारे लोक लागतात. तरी ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्याचाही या कामात वाटा असणार, एवढे परंडेकर म्हणून म्हणू द्या.

३५/ आता परत आपल्या धबधब्यांकडे. सौताडा, रामलिंग, शिवथर या सर्वांचा खडक एकच, काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी कठीण थरावरून वाहते आणि खालचा ठिसूळ थर पोखरते. वरचा खडक पुढे छज्जासारखा राहतो आणि मागे कपार तयार होते. तीच घळ. खाली कोसळणारे पाणी गोटे गरगर फिरवून तळ कोरते, तोच डोह.

३६/ म्हणून अशा डोहाचा तळ ताटासारखा सपाट नसतो. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की दोन पुरुष खोल रांजण लागू शकतो. धारेच्या अगदी खाली पाणी माणसाला आत ओढते. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उन्हात उभ्या असलेल्याला दिसत नाही आणि लोंढा अचानक येतो. कौटिल्याच्या राजाला मगरींचे भय होते. आपल्या पिढीचे डोहात जाणारे बळी या तीन गोष्टींनी जातात.

३७/ आणि इथेच वर राहिलेला प्रश्न येतो: लोक पोहायला कुठे शिकत? आमच्या भागात धबधब्यावर कुणीच शिकत नसे, विहिरीत शिकत. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे टोक काठावरच्या काकांच्या हाती. पाण्याची भीती गेली की भोपळा सुटायचा, मग मुटका आणि सूर. पुढे भोपळ्याच्या जागी पत्र्याचा डबा आला. मसूरच्या विहिरीत पडलेला अंबाजी सुखरूप राहिला, ही कथा ऐकणाऱ्यांना खरी वाटली ती अशाच विहिरींच्या जगात.

३८/ या जगाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकू नये. त्या विहिरी सर्वांच्या नव्हत्या. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. शिवथरघळीला जाणारा प्रवासी आजही त्याच महाडवरून जातो. देव घळ ओळखायला त्या खोऱ्यात उतरले ते या सत्याग्रहानंतर अवघ्या तीन वर्षांनी. ज्या तालुक्यात एक जण धबधब्याचा इतिहास शोधत होता, त्याच तालुक्यात हजारो माणसे ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी झगडत होती. दोन्ही घटना एकाच पानावर लिहिलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

३९/ रामलिंगविषयी थोडक्यात. बालाघाटच्या ओढ्याकाठी महादेवाचे देवालय, जटायूची आख्यायिका, माकडांचे कळप आणि पावसाळ्यात मागच्या अंगाला धबधबा. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये बार्शीला आली आणि १९०७ मध्ये पुढे येडशीवरून तडवळ्याकडे गेली. श्रावणातली रामलिंगची गर्दी वाढायला या गाडीचा हातभार लागला असावा. १९९७ मध्ये सुमारे २२ चौरस किलोमीटरचे येडशी रामलिंग घाट अभयारण्य जाहीर झाले. उघड्याबोडक्या जिल्ह्यात एवढे रान उरले ते देवाच्या धाकाने की चढउताराची जमीन नांगराला नकोशी म्हणून, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही कारणे खरी वाटतात.

४०/ पुढच्या वेळी सौताड्याला जाल तेव्हा दरीत उतरून रामेश्वराच्या देवळापाशी थोडे बसा. समोर पडणारे पाणी विंचरणेचे. ती जामखेडवरून खाली येते आणि सीनेला मिळते. आमच्या परंड्याला धबधबा नाही म्हणतो खरा, पण सीनेच्या पाण्यात तो येतोच, मळकट आणि संथ होऊन. याच सीनेच्या काठी डोमगाव आहे. धागा संपला. शिवथरघळीचे किंवा डोमगावच्या मठाचे कुणाकडे जुने छायाचित्र असेल तर ते साल आणि ठिकाण नोंदवून प्रतिसादात द्यावे.